सुटा भाग घेताना कोणाला विचारावे

गाडीचा सुटा भाग घेताना गफलत बहुधा नावामुळे होते. ‘पल्सरची क्लच प्लेट द्या’ एवढ्याने भागत नाही. पल्सर 2001 पासून विकली जाते आणि तेव्हापासून तिचे भाग कितीदा तरी बदलले आहेत.

पुणतांब्याच्या गोदाकाठच्या ऊसपट्ट्यात ही गफलत महागात पडते. गाळप सुरू झाले की ट्रॅक्टर महिनोन्महिने उसंत घेत नाहीत. एखादे बेअरिंग गेले की कोपरगाव नाहीतर श्रीरामपूर गाठायचे. भाग चुकला तर पुन्हा तीच फेरी, आणि तोवर ट्रॉलीतला ऊस वजनाला घटत राहतो.

बिघाडाचे कारण मेस्त्रीलाच कळते. ऑइल सील पुन्हा पुन्हा फाटत असेल, तर दोष अनेकदा झिजलेल्या शाफ्टचा किंवा बेअरिंगचा असतो. नुसते सील बदलून पैसे वायाच जातात. मात्र काही दुकाने मेस्त्रीला कमिशन देतात. म्हणून भागाचे नाव त्याच्याकडून लिहून घ्यावे, भाव स्वतः काढावा.

काउंटरवरचा जाणकार माणूस आधी विचारतो, मग भाग काढतो: मॉडेल कोणते, साल कोणते, आरसी आणली का? आरसीवरच्या 17 अंक-अक्षरी चेसिस नंबरवरून कंपनीच्या कॅटलॉगात नेमका पार्ट नंबर सापडतो. ‘बसेल, घेऊन जा’ म्हणणाऱ्याकडून भाग घेऊच नये.

जुना भाग पुसून सोबत न्यावा, कारण माप त्याच्यावरच कोरलेले असते. बेअरिंगवर 6204 असेल तर शेवटच्या 04 ला 5 ने गुणावे: आतले भोक 20 मिमी. ऑइल सीलवरचे 35-52-7 म्हणजे आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. आधीच्या दुरुस्तीत कोणी भलताच भाग बसवला असेल तर मात्र जुना भागही फसवतो. म्हणून आरसी हवीच.

वाहन कंपन्या बरेच भाग बाहेरून बनवून घेतात. तोच पुरवठादार स्वतःच्या नावानेही माल विकतो, आणि तो बहुधा स्वस्त पडतो. तो घ्यायला हरकत नाही. डुप्लिकेट माल वेगळा. ब्रेक आणि स्टिअरिंगच्या बाबतीत तो जिवावर बेततो. खोक्यावर उत्पादकाचे नाव-पत्ता, महिना-साल आणि एमआरपी पाहावी, बिलावर पार्ट नंबर लिहून घ्यावा. कॉइल, सेन्सर असे विजेचे भाग बरीच दुकाने परत घेत नाहीत. त्यांचा नंबर पैसे देण्याआधीच जुन्याशी ताडून घ्यावा.