मुलाण्याची सुरी

कोगनोळीच्या परिसरात, म्हणजे निपाणी आणि कागल यांच्यामधल्या या सीमाभागात, यात्रेचे बकरे कापावयाचे तर मुलाण्याला बोलावणे धाडावे, ही रीत आम्ही लहानपणापासून पाहिली. देव हिंदूंचा, जेवणावळ हिंदूंची. सुरी मात्र मुलाण्याची. बारा बलुतेदारांच्या जुन्या याद्यांत भट, गुरव व कोळी यांच्याच ओळीत मुलाणा आढळतो.

तो काय पुटपुटतो, हे मात्र आम्ही कधी विचारले नाही. तो ईश्वराचे नाव घेतो. जीव त्याचा, त्याच्या नावावाचून तो घेण्याचा अधिकार माणसास नाही, ही त्यामागील धारणा होय. सुरी धारदार असावी, जनावरास क्लेश कमी व्हावेत, अशी पैगंबरांची शिकवण हदीसमध्ये आहे. ‘हलाल’ या अरबी शब्दाचा अर्थ धर्माने मुभा दिलेले. त्याच्या उलट ‘हराम’. हा विवेक केवळ मांसापुरता नाही. लाचेचा वा व्याजाचा पैसाही हरामच. कुराणाच्या पाचव्या अध्यायात मेलेले जनावर, रक्त व डुकराचे मांस निषिद्ध सांगितले आहे. पण उपासमारीने नाइलाज झालेल्यास क्षमाही आहे.

मराठीने ‘निमकहलाल’ हा शब्द मानाने जपला; ‘हलाल करणे’ याचा अर्थ मात्र नुसते कापणे, एवढाच उरला. 2022 साली उगादीच्या सुमारास कर्नाटकात हलाल मांसावर बहिष्काराची हाक उठली, तेव्हा आम्हांस गावची यात्रा आठवली. वडीलधाऱ्यांनी अर्थ न विचारताही शेजाऱ्यावर विश्वास ठेवला. आपण निदान अर्थ विचारून मग बोलावे.