ई-चलान आलंय? पैसे भरण्याआधी पुरावा बघा!

मागच्या महिन्यात मोबाईलवर मेसेज आला: क्रांती चौकात झेब्रा क्रॉसिंगवर गाडी थांबवली म्हणून चलान. माझं डोकंच फिरलं. "पोलीस फक्त आपल्यासारख्या पोरांनाच धरतात," असं कट्ट्यावर सगळ्यांना सांगूनही झालं. मग फोटो उघडला. गाडी माझीच, एमएच-२० चा नंबर स्पष्ट, आणि पुढचं चाक बरोब्बर पट्ट्यांवर! गुपचूप पैसे भरले.

तेव्हा कळलं, की दंडावर विश्वास बसतो तो पुरावा दिसल्यावर. म्हणून आधी पुरावा बघायचा, मग भांडायचं किंवा भरायचं.

फोटो कसा बघायचा?

१. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांची ई-चलान साइट किंवा 'महाट्रॅफिक' ॲप उघडा.
२. गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार अंक टाका. हे आरसीवर मिळतात.
३. चलान उघडून तारीख, वेळ, ठिकाण आणि फोटो तपासा. नंबर प्लेट, गाडीचं मॉडेल आणि रंग जुळतोय का बघा.

चलान चुकीचं असेल तर?

लगेच पैसे भरू नका. भरले की चूक मान्य केल्यासारखं होतं. साइटवरच तक्रारीचा पर्याय आहे. तिथे कारण लिहा, आपल्या गाडीचा आणि आरसीचा फोटो जोडा. चलानचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.

नियम फक्त आपल्यालाच?

नाही. कॅमेऱ्याने होणाऱ्या चलानसाठी २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम आला. यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं, ते दरवर्षी नव्याने घ्यायचं, आणि कॅमेरा आहे हे सांगणारा फलक रस्त्यावर हवा. नोटीस १५ दिवसांत पाठवायची, अशीही अट त्यात घातली. या नियमाच्या १३२ शहरांच्या यादीत आपलं शहर 'औरंगाबाद' या नावाने आहे.

जुलै २०२५ मध्ये तर राज्यातल्या वाहतूक पोलिसांना खासगी मोबाईलवर फोटो काढून नंतर चलान करायला मनाई झाली.

आणि हे फार कमी जणांना माहीत असतं: मोटार वाहन कायद्याच्या कलम २१०-ब नुसार, कायदा राबवणाऱ्यानेच नियम मोडला तर त्याला दुप्पट दंड आहे. म्हणजे विनाहेल्मेट पोलीस दिसला तर "त्यांना सगळं माफ" असं कायदा म्हणत नाही. फक्त हे रस्त्यावर घडताना दिसलं, तर लोकांचा भरवसा आपोआप वाढेल.

एक सावधगिरी

व्हॉट्सॲपवर चलानच्या नावाने एपीके फाईल आली तर उघडू नका, बँक खातं रिकामं होऊ शकतं. ई-चलानच्या सरकारी साइटचा पत्ता 'जीओव्ही डॉट इन' ने संपतो.

आता लगेच तुमच्या गाडीचा नंबर टाकून बघा. आणि हो, सिग्नलला पट्ट्यांच्या मागेच थांबा. मी आता थांबतो!