गाडी तापतेय म्हणजे इंजिन गेलं असं नाही, आधी ती कधी तापते ते बघा

एमएच ४२ पासिंगच्या जुन्या गाड्यांची खरी परीक्षा एप्रिल-मे मध्ये असते. बारामती, इंदापूरला पारा चाळिशी ओलांडतो. जानेवारीत गुपचूप पळणारी मारुती ८००, इंडिका नाहीतर वॅगन आर अचानक काटा वर न्यायला लागते. गाडी गॅरेजला लागते आणि संध्याकाळी फोन येतो, "इंजिन काम निघतंय."

हे तीन शब्द महागात पडतात. त्यात गाडीला १५ वर्षं होत आली असतील तर विषय आणखी अवघड होतो, कारण पुन्हा नोंदणी करावी लागते. एप्रिल २०२२ मध्ये कारच्या या नूतनीकरणाची फी ६०० वरून थेट ५,००० रुपये झाली. वर पर्यावरण कर आणि फिटनेस तपासणी. त्यात इंजिन काम म्हटलं की घरात एकच चर्चा सुरू होते, भंगारात काढायची का?

कधीकधी तो निर्णय बरोबर असतो. पण बऱ्याचदा बिघडलेलं असतं ते झाकण, पंखा किंवा रेडिएटर. हे इंजिन काम नव्हे.

जानेवारीत नीट, मे महिन्यात गरम, असं का?

इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांश उष्णता कूलंटमध्ये जाते आणि रेडिएटर ती हवेत सोडतो. ती किती सुटणार हे कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. कूलंट ९५ अंशांवर आणि हवा २५ अंशांवर असेल तर फरक ७० चा. हवा ४२ वर गेली की फरक उरतो ५३. म्हणजे तोच रेडिएटर उन्हाळ्यात जवळपास पाव हिश्शानं कमी काम करतो.

नव्या गाडीत ही तूट भरून निघेल इतकी शिल्लक कंपनीनं ठेवलेली असते. जुन्या गाडीत ती शिल्लक हळूहळू संपलेली असते, ते कळतं मात्र उन्हाळ्यात.

आणि ती शिल्लक खातं कोण? बहुतेक वेळा आपलं पाणी

पाणी तापवायचा बंब आठवा. बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरात वर्षभरात त्याच्या आत पांढरी खपली धरते. नीरा डावा कालव्याच्या भागात ऊस वाढला, जमिनीत पाणी मुरत राहिलं आणि त्यासोबत जमिनी खारवटत गेल्या. बारामती-इंदापूरच्या कित्येक गावांत विहिरी-बोअरचं पाणी जड आहे. हेच पाणी रेडिएटरमध्ये गेलं की तीच खपली त्याच्या बारीक नळ्यांत आणि इंजिनाच्या आतल्या पाण्याच्या वाटांत बसते. खपलीतून उष्णता धड जात नाही, आणि नळ्या चोकअप होतात त्या वेगळ्याच.

"कूलंट कशाला, पाणी टाका" हा सल्ला देणारी माणसं प्रत्येक गावात आहेत. पाणी उष्णता चांगली वाहून नेतं, हे त्यांचं खरं आहे. पण साध्या पाण्यात गंजरोधक नसतं आणि बोअरच्या पाण्यात क्षार असतात. कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये, म्हणजे बॅटरीत घालतो त्या पाण्यात, मिसळून भरायचं. तयार मिश्रणाचा कॅन आणला तर तेवढाही व्याप नाही.

(बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओचा कारखाना आहे. त्यांच्या जुन्या डिझेल आपेला हे दुखणं कधी झालंच नाही. ते इंजिन हवेनं थंड व्हायचं, पाण्याचा प्रश्नच नव्हता.)

पाण्याइतकंच बाहेरच्या जाळीकडं बघायला हवं. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून महिनोन्‌महिने गाडी चालवली की धूळ, पाचटाचा भुसा आणि किडे जाळीत अडकतात. एसी असेल तर त्याची जाळी रेडिएटरच्या पुढं असते आणि कचरा दोन्हींच्या मध्ये बसतो, तो समोरून दिसतही नाही. पाण्याचा साधा फवारा इंजिनाच्या बाजूनं बाहेर मारायचा. प्रेशर वॉशर जवळून मारला तर जाळीच्या पात्या वाकतात.

गाडी कधी तापते?

गॅरेजला जाण्याआधी या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडं हवं, कारण अर्धं निदान त्यातच आहे.

गाडी ट्रॅफिकमध्ये किंवा ट्रॉलीच्या मागं तापते आणि मोकळ्या रस्त्यावर काटा खाली येतो? मग संशय पंख्यावर. पंख्याची मोटर, रिले, फ्यूज आणि सेन्सर बघा. गाडी जागेवर चालू ठेवा, काटा मध्याच्या थोडा वर गेला की पंखा सुरू झालाच पाहिजे.

उलट, पुण्याहून येताना दिवे घाट चढताना किंवा सोलापूर हायवेला भिगवणच्या पुढं वेगात तापते? तिथं हवा भरपूर मिळते, म्हणजे पंखा निर्दोष. पाण्याचा प्रवाह कमी पडतोय. रेडिएटर चोकअप, वॉटर पंप किंवा अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट यांपैकी काहीतरी आहे.

आणि सकाळी थंड गाडी चालू केल्यावर दोन-चार मिनिटांतच होज पाइप दगडासारखा कडक होतो, टाकीत सतत बुडबुडे येतात, बाहेर कुठं गळती नसताना पाणी कमी होतं? तर मात्र हेड गॅस्केटचा संशय खरा मानायला हरकत नाही. सिलिंडरमधला वायू पाण्यात घुसतोय. याची खात्री करायला एक निळं रसायन मिळतं. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्यातून जाऊ दिली आणि ते पिवळं पडलं, तर गॅस्केट किंवा हेड गेलं. हेड उघडण्याआधी ही चाचणी करायला सांगाच.

सगळ्यात स्वस्त भाग म्हणजे रेडिएटरचं झाकण. ते आत दाब धरून ठेवतं आणि सुमारे १ बार दाबाखाली पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाचं रबर गेलं की ही वीस अंशांची सवलत गेली. तरी ते सगळ्यात शेवटी तपासलं जातं, हे काही केल्या पटत नाही.

थर्मोस्टॅट काढून टाकायचा का?

नाही. "आपल्याकडं थंडी कुठंय, काढून टाका" हा सल्ला हमखास मिळतो. पण थर्मोस्टॅट इंजिनाला लवकर ८०-९० अंशांवर आणतो. तो काढला की इंजिन बराच वेळ गार राहतं, पेट्रोल जास्त पितं आणि आतली झीज वाढते. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो नसेल तर थोडं पाणी रेडिएटरला न जाताच परत फिरतं आणि गाडी उन्हाळ्यात आणखी तापते. खराब असेल तर नवा बसवा.

मग इंजिन खरंच थकलंय हे कसं ओळखायचं?

इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण अलगद उचला. थोडी हवा लागणं ठीक, पण धूर फकाफका येत असेल तर ते बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे रिंगा झिजल्या. सायलेन्सरमधून निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गरम झाल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला तर कूलंट जळतंय. झाकणाखाली दुधाळ थर दिसला की लोक घाबरतात, पण थंडीत जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत तो नुसत्या बाष्पानंही येतो. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ असेल तर काळजी करा.

पक्का पुरावा कॉम्प्रेशन टेस्ट देते. आकडा गाडीगणिक वेगळा असतो, पण सगळे सिलिंडर एकमेकांच्या जवळपास हवेत. पेट्रोल गाडीत एखादा कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतात. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारशेजारचे दोन कमी असतील तर त्यांच्यामधलं गॅस्केट. इंजिन काम सांगणाऱ्याकडं हे आकडे कागदावर लिहून मागा.

रस्त्यात काटा लाल पट्टीत गेलाच तर एसी बंद करा, गाडीत हीटर असेल तर पूर्ण चालू करा (घाम फुटेल, पण इंजिनातली उष्णता बाहेर येईल) आणि बाजूला घेऊन इंजिन बंद करा. अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावू नका, वाफ थेट तोंडावर येते. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, ॲल्युमिनियमचं हेड वाकतं किंवा तडकतं. पंख्याच्या खराबीचं हेड गॅस्केट होतं ते बहुतेक वेळा "गाव आलंच आहे, जाऊ तसंच" म्हणत ओढलेल्या शेवटच्या पाच-दहा किलोमीटरमध्ये.

जुनी गाडी विकत घ्यायला जाणार असाल तर सकाळी जा आणि मालकाला आधीच सांगा की चालू करून ठेवू नका. बोनेटला हात लावून बघा. ते गरम लागलं तर थंड इंजिनाचा धूर आणि पहिल्या मिनिटाचे बुडबुडे त्यानं तुमच्या आधीच बघून घेतलेत.