कतारगाम दरवाज्याजवळची विलायत

विलायत पाहून आलेल्यांची वर्णने वाचण्याची आपल्याकडे हौस मोठी. लंडनचा मनोरा, ॲम्स्टरडॅमचे कालवे हे न पाहताही आपल्याला पाठ झाले आहेत. परंतु सतराव्या शतकात या दोन शहरांनी आपली माणसे जेथे व्यापारासाठी धाडली, आणि जेथे त्यांतली कित्येक मातीआड झाली, ते गाव बडोद्याहून आगगाडीने दोन-अडीच तासांवर आहे. सुरतेस आपण जातो ते साड्या घेण्यासाठी, फार तर घारीसाठी.

माझा एक खानदेशी मित्र गेली तीस वर्षे सुरतेत आहे. बिऱ्हाड गोडादऱ्याला. हे एके काळचे शहराबाहेरचे खेडे. आज महापालिकेच्या हद्दीत आले आहे. लिंबायत, उधना, डिंडोली, गोडादरा या पट्ट्यात ताप्ती लाइनच्या गाड्यांनी धुळे, जळगाव, नंदुरबार येथील हजारो कुटुंबे येऊन वसली. कोणी मागावर, कोणी कापडबाजारात. गल्लीत अहिराणी, शाळेत मराठी, दुकानात गुजराती असा भाषांचा तिहेरी व्यवहार येथे सकाळपासून चालतो. वहिनींनी केलेली कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊन आम्ही दोघे निघालो. तीस वर्षांत मित्राने या कबरी पाहिल्या नव्हत्या. त्याला वेळ मिळाला नव्हता, हे एक. दुसरे कारण त्याने रिक्षात सांगितले. “कारखान्यात थट्टा होते रे. मराठी म्हटले की, ‘तुम्ही आमची सुरत लुटली’. मी हसतो. पण दरवेळी हसू येतेच असे नाही.”

म्हणून प्रथम चौकातला किल्ला पाहिला. तापीच्या काठी खुदावंदखानाने सोळाव्या शतकाच्या मध्यास तो बांधला तो पोर्तुगीजांच्या भयाने. महापालिकेने अलीकडे त्याची डागडुजी करून आत संग्रहालय मांडले आहे, आणि काम नीटस झाले आहे. मित्राचे लक्ष मात्र तटाकडे होते. जानेवारी 1664 मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर आले तेव्हा मोगलांचा सुभेदार इनायतखान शहर वाऱ्यावर सोडून याच तटाआड जाऊन बसला. लुटीचा भार पडला तो श्रीमंत व्यापाऱ्यांवर. त्यांतला वीरजी व्होरा तर एवढा धनाढ्य की इंग्रज कंपनी स्वतः त्याची कर्जदार होती. फ्रेंच प्रवासी बर्निये लिहितो, की कापुचिन पाद्री फादर आंब्रोज याच्या घराला हात लावू नये अशी महाराजांची आज्ञा होती. मित्र म्हणाला, “हे मला कोणी सांगितलेच नाही.”

मुघलसराईत फार थांबलो नाही. शहाजहानच्या काळी हाजच्या यात्रेकरूंसाठी उभारलेल्या या सराईत आता महापालिकेचे मुख्य कार्यालय आहे. तेथे पाहण्यापेक्षा अर्ज घेऊन येणाऱ्यांचीच गर्दी अधिक.

कतारगाम दरवाज्याजवळच्या इंग्रजी कबरस्तानात शिरताच मात्र आपण चक्रावतो. क्रूस आणि दगडी फरशा यांच्या अपेक्षेने यावे, तो समोर घुमट, कमानी, खांब! मोगल अमिराचाच मकबरा वाटावा अशी ही दुमजली इमारत ऑक्सेंडन बंधूंची आहे. धाकटा ख्रिस्टोफर 1659 मध्ये वारला, थोरला सर जॉर्ज 1669 मध्ये. हाच जॉर्ज 1664 साली इंग्रज वखारीचा अध्यक्ष होता. सुभेदार दडून बसला असता याने वखारीची दारे लावून, आपली माणसे शस्त्रांनिशी उभी केली आणि वखार राखली. कंपनीने त्याला सुवर्णपदक दिले. 1668 मध्ये मुंबई कंपनीकडे आल्यावर तिचा कारभारही याच्याच हाती आला. सुरतेच्या व्यापाराला खरी ओहोटी लावली ती या मुंबईने. 1687 मध्ये इंग्रजांनी मुख्य ठाणेच तिकडे हलवले. तापीचे मुखही गाळाने भरत चालले होते. केवळ मराठ्यांच्या घोड्यांनी सुरत बुडाली हे म्हणणे सोपे आहे, पुरेसे नाही. तरीही लुटीत ज्यांची घरे जळाली त्यांचे दुःख आपण नाकारू नये. पुढे सुरतेच्या चौथाईत पेशव्यांबरोबर आपल्या गायकवाडांचाही वाटा होता, हेही बडोदेकराने येथे आठवावे.

(याच सुरतेत 1617 साली टॉम कोर्याट हा इंग्रज वारला. अलेप्पोहून अजमेरपर्यंत तो पायी आला होता. एवढी वाट सुखरूप चालून आलेल्या या गृहस्थाला शेवटी वखारीतल्या देशबांधवांचा मद्याचा पाहुणचार भोवला म्हणतात.)

आता डचांकडे. त्यांचे कबरस्तान जवळच, आणि शेजारी आर्मेनियनांचे. येथे व्हान रेडे याची भव्य कबर आहे. इंग्रजांच्या मकबऱ्यावर ताण करण्यासाठी डचांनी ती बांधली, असे सांगतात. पाहिल्यावर ते पटते. हा व्हान रेडे कोचीस डच कंपनीचा मलबारचा अधिकारी होता. डिसेंबर 1691 मध्ये सुरतेकडे येत असता तो जहाजावरच वारला. अधिकारी कित्येक आले नि गेले. याचे नाव उरले ते ‘होर्टस मलबारिकस’ या ग्रंथामुळे. 1678 पासून 1693 पर्यंत ॲम्स्टरडॅमला याचे बारा खंड निघाले. मलबारच्या सातशेहून अधिक वनस्पतींची चित्रे आणि वर्णने त्यांत आहेत.

ती माहिती साहेबाला कोणी दिली? इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याने, आणि रंगभट, विनायक पंडित व आपूभट या तीन कोकणी ब्राह्मणांनी. पहिल्या खंडात या तिघांचे 1675 सालचे निवेदन कोकणी भाषेत, नागरी अक्षरांत, त्यांच्या सह्यांसह छापलेले आहे. ॲम्स्टरडॅमच्या छापखान्यात आपली अक्षरे ताम्रपटावर कोरणाऱ्या कारागिराला त्यांतले एकही वाचता येत नसेल.

मित्राने मला हे दोनदा सांगायला लावले. मग कबरीला एक फेरी मारून त्याने विचारले, “आणि त्या तिघांची समाधी कुठे?” मी काहीच बोललो नाही. तोही पुढे बोलला नाही. गोडादऱ्याच्या आपल्या गल्लीतली मराठी शाळेची मुले येथे आणता येतील का, हे विचारायला तो पहारेकऱ्याकडे गेला, आणि गुजरातीत बराच वेळ बोलत उभा राहिला.