खाऱ्या पाण्याच्या पेटीचा पुनरारंभ

काचेच्या पेटीत समुद्राचे जीव पाळण्याची कला फार प्राचीन नाही. लंडनमध्ये राहणाऱ्या ॲना थिन या बाईंनी १८४६ साली टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत पोवळी आणून ती घरी पाळिली. पाण्यास ताजी हवा मिळावी म्हणून त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पुनःपुन्हा ओतीत असे. पुढे १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडले, व फिलिप हेन्री गॉस यांच्या १८५४ सालच्या ग्रंथामुळे हा छंद अनेक घरांत शिरला. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले.

आमच्या घरीही अशी पेटी होती. मध्यंतरी मुलांच्या परीक्षा व बदली यांमुळे ती कोरडी होऊन माळ्यावर गेली. यंदा आम्ही सर्वांनी मिळून ती पुन्हा मांडली. ज्यांच्या घरी अशी पेटी पडून असेल, त्यांच्या उपयोगी पडेल ते येथे सांगत आहोत.

पहिली गोष्ट ही, की जुनी पेटी धुऊन पुसून भरली म्हणजे ती पूर्वीची पेटी होत नाही. माशाच्या उत्सर्गातून व उरलेल्या अन्नातून अमोनिया उत्पन्न होतो, आणि तो माशास विषासमान असतो. वाळूत व दगडांवर राहणारे एक प्रकारचे सूक्ष्म जंतू त्याचे नायट्राइट करितात; तेही विषारीच. दुसऱ्या प्रकारचे जंतू त्याचे नायट्रेट करितात, व ते पुष्कळच कमी अपायकारक असते. पेटी कोरडी पडली की हे डोळ्यांस न दिसणारे सेवक नाहीसे होतात. त्यांची वसाहत पुन्हा वसण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. तोवर थोडा अमोनिया घालून त्यांस पोसावे आणि रासायनिक थेंबांनी पाण्याची परीक्षा करीत जावे. अमोनिया व नायट्राइट ही दोन्ही शून्यावर येऊन टिकली म्हणजेच मासा आणावा. आमच्या पेटीत पाचवा आठवडा सरेपर्यंत एकही मासा नव्हता. शेजारी हसत, मुले मात्र रोजचे आकडे वहीत टिपून ठेवीत.

दुसरी गोष्ट पाण्याची. समुद्राच्या दर लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे २०० लिटरच्या पेटीस सुमारे ७ किलो क्षार लागतात. स्वयंपाकाचे मीठ येथे चालत नाही, कारण समुद्रात त्याशिवाय मॅग्नेशियम, कॅल्शियम इत्यादिकांचे क्षारही असतात. पेटीतील पाणी उन्हाळ्यात भराभर आटते. पाण्याची वाफ होते, क्षार मागेच राहतात. म्हणून आटलेल्या पाण्याच्या जागी शुद्ध गोडेच पाणी घालावे. खारे घातल्यास क्षारता वाढत जाऊन मासे संकटात पडतात. नायट्रेट साचू नये म्हणून मात्र दर पंधरवड्यास दहावा हिस्सा पाणी काढून तेवढेच नवे खारे पाणी घालावे.

कामांची वाटणी आधीच करून ठेवावी. एकाने अन्न घालावे, एकाने पाण्याची पातळी पाहावी, एकाने वही ठेवावी. दोघांनी निरनिराळ्या वेळी अन्न घातले, तर न खाल्लेले अन्न कुजते. वीज जाऊन पंप थांबला म्हणजे पाण्यातील प्राणवायू घटू लागतो. अशा वेळी बॅटरीवर चालणारा पंप जवळ असावा. तो नसल्यास तांब्याने पेटीतलेच पाणी उचलून उंचावरून हळूहळू ओतीत राहावे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या मोलकरणीची युक्ती आजही तितकीच खरी आहे.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. काही देशांत पोवळ्यांच्या खडकांतले मासे सायनाइडने गुंगवून धरण्यात आले. त्यात पुष्कळ मासे मरतात व पोवळ्यांचीही हानी होते. आपल्या देशात पोवळ्यांस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण २००१ पासून आहे; ती समुद्रातून उचलून आणणे हा गुन्हा होय. सुदैवाने नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाउन मासा बंदिस्त पाण्यात अंडी घालतो, व नर ती अंडी राखतो. असे पाळीव जन्मलेले मासेच घ्यावेत.

हा मासा नीट सांभाळल्यास दहा वर्षांहून अधिक जगतो. म्हणजे पाचवीतल्या मुलाने हौसेने आणलेला मासा तो मुलगा महाविद्यालयात गेल्यावरही घरीच असेल. तेव्हा त्यास अन्न कोण घालील, पाणी कोण बदलील, हे आईवडिलांनी व मुलांनी एकत्र बसून आधी ठरवावे, आणि मगच पेटी माळ्यावरून खाली काढावी.