वारुळाचा श्वास आणि आपले घर

शेताच्या बांधावर वारूळ दिसले की आपण आधी कुदळ शोधतो. उसाची लागण वाळवीने पोखरली असेल तर तो राग रास्तच आहे. पण कुदळ घालण्यापूर्वी वारुळाकडे एकदा नीट पाहावे, असे आम्ही सुचवतो. उन्हाळ्यात ज्यांच्या घरी म्हाताऱ्या माणसांना व तान्ह्या मुलांना उकाड्याने झोप लागत नाही, त्यांनी तर अवश्य पाहावे.

झिंबाब्वे देशात हरारे शहरी 1996 साली ईस्टगेट नावाची मोठी इमारत उभी राहिली. तिचे वास्तुशिल्पज्ञ मिक पीअर्स यांनी कल्पना घेतली ती वारुळावरून. रात्रीची गार हवा पंख्यांनी मजल्यांखालच्या पोकळीतून फिरवायची आणि विटा व काँक्रीट गार करून ठेवायचे. दिवसा तोच गारवा खोल्यांना मिळतो, तापलेली हवा छपरावरच्या धुराड्यांतून निघून जाते. मोठ्या इमारतीत नेहमी बसवतात ती वातानुकूलन यंत्रणा तेथे लागली नाही.

गंमत अशी, की वारूळ घर थंड करण्यासाठी हवा खेळवते हा समजच चुकीचा होता! टर्नर आणि सोअर या अभ्यासकांनी 2008 मध्ये दाखवले, की वारूळ म्हणजे एक प्रकारचे फुप्फुस. आतले तापमान टिकते ते भोवतालच्या जमिनीमुळे. पुढे 2015 मध्ये आपल्याच देशातल्या वारुळांची मोजमापे प्रसिद्ध झाली. वारुळाच्या अंगाला उभे फुगीर कंगोरे असतात, ते आतून पोकळ. दिवसा ते लवकर तापतात; त्यांतली हवा वर चढते आणि मधल्या पोकळीतून खाली उतरते. रात्री कंगोरे आधी निवतात, की प्रवाह उलटा फिरतो. दिवसभर साठलेली दूषित हवा रात्री मातीच्या बारीक छिद्रांतून बाहेर पडते. वेग सेकंदाला अवघे काही सेंटिमीटर, पण इंधन काय, तर दिवस आणि रात्र यांच्या तापमानातला फरक!

ईस्टगेटही त्याच फरकावर चालते. हरारे उंच पठारावर आहे, तेथे रात्री गार असतात. बेळगाव वा इंदूरकडे हे जमण्यासारखे आहे. गोव्याच्या किनाऱ्यावर पारा रात्रीही फारसा उतरत नाही. तेथे समोरासमोर खिडक्या ठेवून वारा खेळवणेच बरे.

घराच्या जाड भिंतीत आढ्याजवळ एक झरोका ठेवावा, समोरच्या भिंतीत खाली दुसरा. दोन्हींना डासांची जाळी लावावी. बाहेर गारवा पडला की ते उघडावेत आणि सकाळी ऊन चढण्यापूर्वी लावून घ्यावेत. दिवसभर उघडे ठेवले तर रात्रीची कमाई वाया जाते. पत्र्याच्या भिंतींना याचा लाभ नाही, कारण पत्रा गारवा धरत नाही. चुलीच्या खोलीचा झरोका मात्र कधीच बंद करू नये. आणि धान्याच्या खोलीचे झरोके पावसाळी रात्री उघडू नयेत. दमट हवेने ज्वारीला बुरशी धरते.