घशातून पडलेला पिवळा कण

ओपीडीत काही रुग्ण फार हळू आवाजात बोलतात. सोबतच्या माणसाला बाहेर बसवतात, मग कागदाची घडी उलगडून तांदळाच्या कणीएवढा पिवळसर कण पुढे करतात. "खाकरलं की असं पडतं, डॉक्टर. चिरडलं तर घाण वास येतो. कॅन्सर तर नाही ना?" मिरजेत कान-नाक-घशाची डॉक्टर म्हणून हा प्रश्न मी नेहमी ऐकते. बहुतेक वेळा उत्तर दिलासा देणारं असतं: हा टॉन्सिलचा खडा आहे. पण घसा नीट तपासल्याशिवाय मी ते देत नाही.

टॉन्सिल गुळगुळीत नसतात. एकेका टॉन्सिलवर साधारण 10 ते 30 खोल, फाटे फुटलेली छिद्रं असतात. तोंडावाटे येणाऱ्या जंतूंची शरीराच्या संरक्षक पेशींशी गाठ पडावी, यासाठी ही रचना. याच छिद्रांत झडलेल्या पेशी, अन्नकण आणि जंतू साचतात. त्यावर कॅल्शियमचे क्षार बसले की गोळा कडक होतो. आत हवा फारशी पोचत नाही. तिथे वाढणारे जंतू हायड्रोजन सल्फाइडसारखे गंधकयुक्त वायू सोडतात आणि वास येतो. नियमित दात घासणाऱ्यांनाही खडे होतात, त्यामुळे लाजून दुखणं लपवू नये.

तपासणी प्रश्नांपासून सुरू होते. त्रास किती दिवसांचा? एकाच बाजूला टोचतं का? ताप आला होता का? गिळताना दुखतं? कान दुखतो? घसा आणि कानाचा मधला भाग यांना एकच नस संवेदना पुरवते, म्हणून कानात काहीही दोष नसताना टॉन्सिलमुळे कान ठणकू शकतो. शेवटचा प्रश्न मी कुणालाही विचारायला चुकत नाही: तंबाखू, गुटखा किंवा मिसरी?

मग कपाळावरचा दिवा लावून, पट्टीने जीभ दाबून घसा पाहायचा. काही खडे लगेच दिसतात. बरेचसे टॉन्सिलच्या पुढच्या पडद्याआड दडलेले असतात. तो पडदा दुसऱ्या पट्टीने हलकेच दाबला, की छिद्राचं तोंड उघडतं आणि खडा बाहेर डोकावतो. शंका उरली तर हातमोजा घालून बोटाने टॉन्सिल चाचपते. यात उमासा येतो, म्हणून हे सर्वांत शेवटी.

घशातला प्रत्येक पांढरा ठिपका खडा नसतो. तापासोबत दोन्ही टॉन्सिलवर पांढरे ठिपके आणि गळ्यात दुखऱ्या गाठी असतील, तर तो जंतुसंसर्ग. पांढरा थर पुसला जाऊन खाली लालसर त्वचा दिसली, तर बुरशीचा संशय घ्यायचा. करडा, चिकटलेला पापुद्रा ओढताच रक्त आलं, तर घटसर्पाच्या शंकेने रुग्णाला तातडीने रुग्णालयात पाठवावं लागतं.

खडा ओळखायला स्कॅन सहसा लागत नाही. उलट, कधी दाताच्या डॉक्टरांनी काढलेल्या जबड्याच्या एक्स-रेत पांढरे ठिपके दिसतात आणि घाबरलेला रुग्ण तो घेऊन येतो. अशा वेळी ते लाळग्रंथीतले खडे आहेत, कानाखालचं लांबलेलं हाड आहे की टॉन्सिलचेच खडे, हे ठरवायला घसा पाहावा लागतो, आणि क्वचित सीटी स्कॅनही.

खडा सापडला तरी मी हिरड्या आणि जिभेचं मागचं टोक पाहतेच. तोंडाच्या वासाचं मूळ बहुतेकदा तिथेच असतं. हिरड्या सुजलेल्या असतील तर नुसता खडा काढून वास जाणार नाही, हे रुग्णाला आधीच सांगायला हवं.

त्रास नसेल तर खड्याला औषध लागत नाही. जेवणानंतर चूळ भरावी, कोमट मिठाच्या पाण्याने गुळण्या कराव्यात. प्रतिजैविकांच्या गोळ्यांनी खडा विरघळत नाही. हेअरपिन, काडी किंवा टूथपिकने कोरू नका. टॉन्सिलला रक्तवाहिन्या भरपूर असतात आणि रक्तस्राव होऊ शकतो. वारंवार, फार त्रास होणाऱ्या मोजक्या रुग्णांनाच टॉन्सिल काढण्याचा सल्ला द्यावा लागतो.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते. एकाच बाजूचं टॉन्सिल वाढलंय, जखम भरत नाही, थुंकीतून रक्त पडतंय, मानेत गाठ आलीय किंवा गिळताना होणारा त्रास दोन-तीन आठवडे टिकलाय, तर "खडाच असेल" म्हणून घरी बसू नका. मिसरी लावणाऱ्या आजी आणि तंबाखू मळणारे काका दुखणं अंगावर काढतात, गळ्यात गाठ आल्यावरच येतात. अशा रुग्णाच्या टॉन्सिलचा तुकडा तपासायला पाठवावा लागतो. घशाचा कॅन्सर लवकर सापडला, तर बरा होण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. तुमच्या घरात असं कुणी असेल, तर या आठवड्यातच त्यांना घसा दाखवायला घेऊन जा.